पायली, किलो आणि दुधाची डिग्री

(बी. ए. द्वितीय वर्ष)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने 'घनता' या विषयावर लेख लिहावा, याचे काही मित्रांना नवल वाटेल. हा प्रांत विज्ञानवाल्यांचा, आपण कथा-कविता लिहाव्यात, असा आपल्याकडे एक समज आहे. परंतु वाचकहो, पाटोदा तालुक्यातील कोणत्याही घराचा जमाखर्च मांडून पाहा. बाजरी पोत्याने जाते, दूध लिटरने जाते, तेल कधी किलोने तर कधी लिटरने येते, आणि ज्या घरातील माणसे दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात त्यांची मजुरी टनावर ठरते. म्हणजे आपली निम्मी कमाई वजनात आणि निम्मी मापात. या दोहोंना जोडणारी जी एक गोष्ट आहे तिलाच घनता म्हणतात. ती ज्याला कळते तो हिशेब मांडतो आणि ज्याला कळत नाही तो समोरच्याचा हिशेब ऐकून घेतो. म्हणून मला हा विषय आपल्या अंकात यावासा वाटला.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत 'जड' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. "पोते जड आहे" असे म्हणताना त्या एका पोत्याचे वजन आपल्या मनात असते. "लोखंड लाकडापेक्षा जड" असे म्हणताना मात्र कुठलाही विशिष्ट तुकडा मनात नसतो, कारण लोखंडाचा खिळा लाकडाच्या ओंडक्यापेक्षा हलकाच असणार. या दुसऱ्या वाक्यात आपण न बोलता एक अट घातलेली असते, ती म्हणजे 'तेवढ्याच आकाराचा तुकडा घेतला तर'. ही अट उघडपणे लिहिली की घनतेची व्याख्या तयार होते. वस्तूत द्रव्य किती, हे तिचे वस्तुमान. वस्तूने जागा किती व्यापली, हे तिचे आकारमान. आणि वस्तुमानाला आकारमानाने भागले की येते ती घनता. लहानपणी आपणा सर्वांना विचारलेले ते कोडे आठवा: एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस? वस्तुमान दोघांचे सारखेच. पण लोखंडाचा किलो मुठीत मावतो आणि सुट्या कापसाला धडपे लागते. कोडे विचारणारा खरे म्हणजे घनतेविषयी विचारीत असतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की प्रश्न वजनाचा आहे.

(शास्त्राच्या काटेकोर भाषेत वस्तुमान आणि वजन एक नव्हेत. चंद्रावर नेलेल्या पोत्याचे वस्तुमान तेवढेच राहते, वजन सहाव्या हिश्श्याएवढे होते. पण आपला बाजार पृथ्वीवरच भरत असल्यामुळे या लेखात मी 'वजन' हा घरगुती शब्दच वापरणार आहे.)

घनता मोजण्याचे एकक म्हणजे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पाण्याची घनता या मापात बरोबर 1 येते, हा योगायोग नाही. फ्रान्समध्ये 1795 मध्ये ग्रॅम ठरविला तोच मुळी एक घन सेंटिमीटर थंड पाण्याचे वजन म्हणून. त्यामुळे एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब आपल्याला फुकट मिळाला आणि त्यातूनच एक मोठा गैरसमजही मिळाला. पुष्कळ लोक लिटर आणि किलो एकच समजतात. पाण्यापुरते ते खरे आहे. लोखंड 7.9, पारा 13.6, सोने 19.3, रॉकेल सुमारे 0.8, खाद्यतेल 0.91 ते 0.92 — पाणी सोडले की प्रत्येकाचा आकडा निराळा.

आता आपल्या पायलीकडे येऊ. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आजीच्या तोंडी हे कोष्टक अजून आहे. ही धान्याची मापे आकारमानाची होती. भांडे भरायचे, मोजायचे, तराजूशी संबंध नाही. गंमत अशी की वजनाचाही शेर होता आणि मणही होता, म्हणजे एकाच नावाची दोन मापे, एक भांड्याचे आणि एक काट्याचे. शिवाय गावागणिक आणि मुलखागणिक त्यांत फरक. आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. घाटाखालच्या नगर भागाशी आपला व्यवहार असे आणि तो मुलूख इंग्रजांचा. स्वातंत्र्यानंतर 1956 मध्ये वजनमापांचा कायदा झाला, 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोची वजने आली आणि शेर-मण कायद्याच्या दृष्टीने गेले. घराघरांतील पितळी मापटे-चिपटे मात्र गेले नाही. ते अजून दळणाचे धान्य काढायला उपयोगी पडते.

आजी म्हणते, "पायली भरती, पण तोलात बसत न्हाई." या एका वाक्यात सगळा धडा आहे. मी एक लिटरचे माप घेऊन घरी वेगवेगळे धान्य तोलून पाहिले. बाजरी आठशे ग्रॅमच्या आसपास भरते, ज्वारी साडेसातशेच्या आसपास, आणि भुईमुगाच्या शेंगा बाजरीच्या निम्म्यानेही भरत नाहीत. माप तेच, काठापर्यंत सपाट केलेले. शिवाय भरणाऱ्याचा हातही वजन ठरवितो. माप हलवून, ठोकून भरले तर दाणे खाली बसतात आणि आणखी मूठभर मावतात. अलगद ओतले तर तेच माप लवकर भरते. घेताना ठोकून घ्यायचे आणि देताना अलगद द्यायचे, ही युक्ती जुन्या काळी किती जणांच्या कामी आली असेल!

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. लिटरभर ज्वारी साडेसातशे ग्रॅम, म्हणजे लिटरभर पाण्यापेक्षा हलकी. मग ज्वारीचा दाणा पाण्यात टाकल्यावर तरंगायला हवा. पण तो तर बुडतो! याचे उत्तर असे की मापात नुसती ज्वारी नसते. दाण्यादाण्यांत हवा असते. स्वतः दाण्याची घनता पाण्याच्या सव्वापटीहून अधिक आहे. ज्वारीने भरलेल्या त्या मापात काठापर्यंत पाणी ओतत गेल्यास जवळजवळ चारशे मिलिलिटर पाणी आत जाते. म्हणजे आपण ज्याला लिटरभर ज्वारी म्हणतो तिच्यात चार आणे हवाच नव्हे, तर सहा आण्यांहून अधिक हवा आहे. शास्त्रात म्हणून दोन घनता मानतात, एक दाण्याची आणि एक राशीची. पोते, कणगी, ट्रॉली यांचा हिशेब राशीच्या घनतेने करायचा. बुडणे-तरंगणे दाण्याच्या घनतेने ठरते.

बुडण्या-तरंगण्याचा हा नियम आपल्या शेतात एका ठिकाणी फार सुंदर वापरला जातो. बाजरीवर अरगट नावाचा रोग पडतो. कणसात दाण्याच्या जागी बुरशीच्या काळपट गाठी तयार होतात, आणि त्या खाण्यात गेल्या तर माणसाला व जनावराला विषारी ठरतात. बियाण्यातून त्या काढून टाकण्यासाठी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे की दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे व बियाणे त्यात ओतावे. वर तरंगणाऱ्या गाठी आणि पोचट दाणे काढून नष्ट करावेत, तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. आता प्रश्न असा की मीठ कशासाठी? साध्या पाण्यात का नको? दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ टाकले की वजन बारा किलो होते, पण आकारमान बारा लिटर होत नाही, ते पावणेअकरा लिटरच्या आतच राहते. मीठ विरघळून पाण्याच्या कणांत सामावते. बारा किलोला या आकारमानाने भागा, घनता सुमारे 1.12 येते. साध्या पाण्यात जी गाठ बुडाली असती ती या पाण्यात तरंगते, आणि भरीव दाणा मात्र बुडतोच. पाण्याची घनता आपण हव्या त्या आकड्यावर नेऊन ठेवली आणि बरेवाईट वेगळे करण्याचे काम पाण्यालाच सांगितले. बाजरीच्या एकेक दाण्याला तराजूत घालणे कोणाला जमले असते?

बुडणाऱ्या वस्तूला द्रव किती उचलून धरतो, हे प्रथम सांगितले ते सिरॅक्यूज येथील आर्किमिडीजने, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात. त्याची राजमुकुटाची आणि न्हाणीघरातून पळत सुटल्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. नियम तेवढा सांगतो. वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते तेवढ्या द्रवाच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूला सारून थांबते. म्हणून द्रव दाट असेल तर ती थोडीच बुडते, पातळ असेल तर अधिक खोल जाते.

याच नियमावर दुधाचे लॅक्टोमीटर चालते. आणि येथे मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या आष्टी-पाटोद्याकडील किती तरी घरांची चूल आज दुधावर पेटते.

लॅक्टोमीटर म्हणजे काचेची एक पोकळ नळी, खाली वजनाचा फुगा, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे. दुधात सोडले की ते उभे तरंगते. दुधाच्या पातळीशी जो आकडा येतो त्याला आपल्याकडे सर्व लोक 'डिग्री' म्हणतात. "आज दुधाला डिग्री लागली नाही," हे वाक्य सकाळी कोणत्याही संकलन केंद्रावर ऐकू येते. (आम्ही येथे तीन वर्षे डिग्रीसाठीच बसलो आहोत, पण म्हशीला ती रोज दोनदा मिळते!) हा आकडा म्हणजे घनतेचाच संक्षेप आहे. दुधाची घनता 1.030 असेल तर आकडा 30, 1.027 असेल तर 27. चांगल्या दुधाचा आकडा साधारण 28 ते 32 यांच्या दरम्यान असतो.

पाणी मिसळले की काय होते ते पाहू. तीस डिग्रीच्या दुधाचे 900 मिलिलिटर घेतले तर त्याचे वजन 927 ग्रॅम. त्यात 100 मिलिलिटर पाणी घातले, म्हणजे 100 ग्रॅम. एकूण 1027 ग्रॅम, एक लिटरात. डिग्री 27. म्हणजे दहावा हिस्सा पाणी घातले की डिग्रीचाही दहावा हिस्सा जातो. इतका सरळ हिशेब आहे.

पण दूध हे नुसते पाणी आणि दूध नव्हे. त्यात स्निग्धांश, म्हणजे फॅट आहे, आणि त्याची घनता सुमारे 0.93, पाण्याहून कमी. म्हणूनच साय वर येते. दुधातील साखर, प्रथिने आणि क्षार मात्र पाण्याहून पुष्कळ जड. दुधाला डिग्री देतात ते हे पदार्थ आणि फॅट ती उलट खाली ओढतो. याचा परिणाम चमत्कारिक होतो. दुधावरची साय काढून घेतली तर डिग्री वाढते. समजा साय काढलेले दूध 35 डिग्रीचे झाले. आता त्यात सहा भाग दुधाला एक भाग पाणी घाला. पस्तिसाचे सहा-सप्तमांश किती? तीस! साय गेली, पाणी आले, आणि लॅक्टोमीटर सांगते की दूध उत्तम आहे. एकट्या घनतेच्या आकड्याला फसविता येते ते असे. म्हणून केंद्रावर डिग्रीबरोबर फॅटही तपासतात, आणि दोहोंचा मेळ घालून दुधातील फॅटविरहित घनपदार्थ काढतात, ज्याला एस. एन. एफ. म्हणतात. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एस. एन. एफ. या पायावर ठरतो, हे दूध घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अलीकडे बहुतेक ठिकाणी यंत्रच हे आकडे पडद्यावर दाखविते. पण लहान केंद्रांवर आणि घरोघर दूध गोळा करणाऱ्यांच्या हातात अजून काचेची नळी असते.

ज्याला फारसे कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट येथेच आहे, ती म्हणजे तापमान. ऊब लागली की दूध फुगते. वजन तेवढेच राहते, जागा अधिक व्यापते, म्हणून घनता उतरते. लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानासाठी बेतलेले असते. दूध त्याहून जितके अंश सेल्सिअस गरम, तितक्या अंशांना डिग्री प्रत्येकी सुमारे 0.2 ने कमी दिसते. नुकतेच काढलेले धारोष्ण दूध गाईच्या अंगाइतके, म्हणजे सदतीस-अडतीस अंशांचे असते. 27 अंशांसाठी बेतलेली नळी त्यात सोडली तर दोन डिग्री कमी दिसणार, शिवाय फेसातील हवेमुळे आणखी थोडी. दोन डिग्री म्हणजे पंधराव्या हिश्श्याइतके पाणी घातल्याचा देखावा!

माझ्या चुलतीवर असा आळ आलेला मी पाहिला आहे. तिचे घर केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. धार काढली की दोन मिनिटांत दूध केंद्रावर. लांबच्या वस्तीवरून येणाऱ्यांचे दूध वाटेत निवते, हिचे निवत नाही. "मावशी, पाणी जरा कमी घाला," असे चारचौघांत तिला ऐकावे लागले. आमच्या घरात पैसा नाही, पण कोणी पाण्याचा आळ घेईल असे वागणे नाही. ती दोन दिवस जेवली नाही. मी एका ओळखीच्या माणसाकडून लॅक्टोमीटर आणले, तिच्याच गाईचे दूध धार काढताच मोजले आणि तेच दूध झाकून ठेवून निवल्यावर पुन्हा मोजले. पहिल्यांदा 26, नंतर 28. मध्ये कोणी त्यातून पाणी काढून घेतले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती दूध तासभर गार पाण्यात ठेवून मग नेऊ लागली आणि तक्रार थांबली. केंद्रावरील माणसाने मनात कपट धरले होते असे मला वाटत नाही. तापमापक नळीशेजारीच ठेवायचा असतो, हे त्याला कोणी सांगितले नसावे. पण शब्द तर बोलला गेलाच होता.

तापमानाचा असाच घोळ तेलाच्या पिशवीत देशभर चालू होता. तेल लिटरने विकायचे की किलोने, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. दुकानात 15 किलोचा डबाही मिळतो आणि 15 लिटरचाही. डबे दिसायला जवळजवळ सारखे. पण 15 लिटरच्या डब्यात तेल भरते 13 किलो 650 ग्रॅम, म्हणजे 1 किलो 350 ग्रॅम कमी. समजा लिटरचा डबा 2100 रुपयांना आहे आणि किलोचा 2250 ला. स्वस्त कोणता? पहिला किलोमागे जवळजवळ 154 रुपये पडतो, दुसरा बरोबर 150. लग्नकार्यात दहा-दहा डबे आणणारे आपले लोक किंमत पाहतात, डब्यावरचे बारीक अक्षर पाहत नाहीत.

यावरही ताण म्हणजे तापमान. काही उत्पादक पिशवीवर एक लिटर असे लिहून, ते 60 अंश सेल्सिअसला, असे छापीत असत. तेल तापवून फुगविलेले मोजायचे! केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे एक लिटर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरते आणि 60 अंशांना 892.6 ग्रॅम. म्हणजे पिशवीमागे सव्वीस ग्रॅमचा फरक, आणि कायद्याने पाहता लिटर हा लिटरच. तेव्हा उत्पादकांना सांगण्यात आले की तापमानाचा उल्लेख काढा, लिटरबरोबर वजनही लिहा आणि ते वजन खरोखर भरत असल्याची खात्री करा. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली होती. सोयाबीन आपल्या रानात पिकते, ते विकताना आपण किलोने विकतो, आणि त्याचेच तेल विकत घेताना मात्र लिटरने घेतो, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

आता ऊस. आपल्या तालुक्यात ऊस थोडा आणि ऊस तोडणारे फार. माझे आईवडील त्यांपैकीच. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटते टनामागे मिळणाऱ्या दराने. तोडणाऱ्याचे कष्ट मात्र टनांत मोजता येत नाहीत. तो वाकतो उसागणिक, बांधतो मोळी, डोक्यावर नेतो मोळी, गाडी भरतो मोळ्यांनी. मोळी हे माप आहे, पायलीसारखे. काटा हे वजन आहे. या दोहोंमध्ये पुन्हा तीच घनता येऊन बसते.

हंगामाच्या सुरुवातीचा ऊस रसाने भरलेला असतो. पुढे तुरा आला की त्यात दशी पडते, कांड्यांच्या आतील गर कोरडा व पोकळ होत जातो. बाहेरून जाडी तीच, लांबी तीच. कोयत्याचे घाव तितकेच, मोळ्या तितक्याच, गाडीची उंचीही तीच. काट्यावर मात्र वजन कमी. तोडलेला ऊस कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत उन्हात उभा राहिला तरी तेच होते. त्यातील पाणी उडते, टन घटतात, आकार घटत नाही. शेतकऱ्याचाही यात तोटा होतो, तोडणाऱ्याचाही होतो. फरक इतकाच की तुऱ्याचा फड आधी तोडायचा की नंतर, आणि गाडी कधी रिकामी व्हायची, यांपैकी काहीच तोडणाऱ्याच्या हाती नसते.

गेल्या हंगामात मी वडिलांना एक वही दिली होती. खेप, मोळ्यांची संख्या आणि काट्याची पावती एवढेच त्यात लिहायचे. वडिलांना अक्षरे फारशी येत नाहीत, पण आकडे येतात. हंगाम संपल्यावर मी वजनाला मोळ्यांनी भागून पाहिले. डिसेंबरपेक्षा मार्चमधील मोळी हलकी निघाली, आणि ज्या खेपा एक रात्र आवारात अडकल्या होत्या त्या आजूबाजूच्या खेपांपेक्षा हलक्या निघाल्या. आई म्हणाली, "डोक्यावर घेताना कळत हुतं की." तिच्या मानेला जे कळत होते ते आता कागदावर आहे. या वर्षी वहीत आणखी एक रकाना आखून दिला आहे: तोडणी झाल्यापासून काट्यावर चढेपर्यंत गेलेले तास.